बांधावर मिळणारी वाइन : ऑन्टारिओतला एक आठवडा

बुधवार, 8 ऑक्टोबर 2025 – मिसिसागा

विमानतळाच्या पार्किंगमध्ये बॅगा डिकीत टाकता टाकताच दादाने विचारलं, "अण्णांची छाटणी झाली का?" प्रवास कसा झाला, झोप झाली का, हे सगळं नंतर. अण्णा म्हणजे आमचे वडील, निफाडला त्यांची द्राक्षबाग. निफाडचा माणूस एकोणीस वर्षं कॅनडात राहिला तरी ऑक्टोबर लागला की त्याच्या डोक्यात कात्रीच चालते. यंदा पाऊस हटायचं नाव घेत नव्हता, निम्मी बाग छाटली, निम्मी तशीच उभी आहे, असं सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला.

या खेपेला आमच्या सहलीचं निमित्तच द्राक्षं होती. नायगाराचा धबधबा मागच्या वेळी पाहून झालाय. भिजलो, फोटो काढले, संपलं. पण दादा दोन वर्षं फोनवर सांगत होता की धबधब्याच्या अलीकडे मैलोन् मैल बागा आहेत, तिथे वाइन होते, आणि चांगली होते. माझा विश्वास बसत नव्हता. बर्फाच्या देशात द्राक्षं कसली? त्यात दादाच्याच मित्रमंडळींची मतं माझ्या कानावर होती. एकाच्या मते कॅनडाची वाइन म्हणजे खोकल्याचं औषध, दुसऱ्याच्या मते पन्नास डॉलरची काकवी.

झोप लागू नये म्हणून संध्याकाळी तो आम्हाला दुकानात घेऊन गेला. दुकान सरकारी. ऑन्टारिओत 1916 ते 1927 दारूबंदी होती. ती उठली तेव्हा सरकारने विक्री स्वतःच्या हातात घेतली आणि एलसीबीओ नावाचं मंडळ काढलं. आता सुपरमार्केटात आणि गेल्या वर्षापासून कोपऱ्यावरच्या दुकानातही वाइन मिळते, पण माल घ्यायचा तो या मंडळाकडूनच. सुरुवातीच्या काळात तर बाटली घ्यायला परवान्याचं पुस्तक लागायचं, त्यात खरेदीची नोंद व्हायची, आणि हे 1962 पर्यंत चाललं. वहिनी म्हणाली, "म्हणजे अख्खं ऑन्टारिओ परमिट रूम!" आपल्या महाराष्ट्रात कागदोपत्री अजूनही परवाना लागतोच, त्यामुळे हसायचा फारसा अधिकार आपल्याला नाही.

मी भिंती मोजत निघाले. फ्रान्सची एक, इटलीची एक, चिली-अर्जेंटिनाची, ऑस्ट्रेलियाची. अमेरिकेची कुठेच नाही. आयातकराच्या भांडणात मार्चमध्ये अमेरिकी माल फळ्यांवरून काढून टाकला, तो परत आलेला नाही. त्या मोकळ्या जागेत ऑन्टारिओच्या बाटल्या ऐसपैस बसल्या होत्या, वर लाल मॅपलच्या पानाची पाटी. दादाने दोन बाटल्या उचलून माझ्या हातात दिल्या. "वाच, कोणती कॅनडाची?" दोन्हींवर कॅनडातल्याच कंपन्यांची नावं, दोन्हींवर सुंदर शेताचं चित्र. एकीच्या गळ्याशी व्हीक्यूए ही तीन अक्षरं होती. दुसरीच्या मागच्या बाजूला, चष्मा काढून डोळ्याजवळ धरावं लागेल अशा अक्षरांत छापलं होतं की ही आयात केलेल्या आणि देशी वाइनचं मिश्रण आहे. म्हणजे बाहेरून टँकरने आलेली वाइन, तिच्यात थोडी घरची, आणि वर चित्र इथल्या शेताचं. स्वस्त असते, त्यामुळे खपते भरपूर. नव्या माणसाने पहिली बाटली हीच उचलली आणि कॅनडाच्या वाइनबद्दल मत बनवलं, तर दोष कोणाचा? व्हीक्यूए असेल तर द्राक्षं शंभर टक्के ऑन्टारिओची, हा 1988 पासूनचा नियम, आणि 1999 पासून त्याला कायद्याचं बळ आहे.

मग मी ब्रिटिश कोलंबियाची वाइन शोधायला लागले. कॅनडाचा दुसरा मोठा द्राक्षाचा मुलूख तो. एवढ्या दुकानात तीन बाटल्या सापडल्या, त्याही खालच्या फळीवर. चिलीला पूर्ण भिंत आणि स्वतःच्या देशाच्या दुसऱ्या प्रांताला तीन बाटल्या! "त्याची गंमत सोमवारी सांगतो," दादा म्हणाला.

गुरुवार, 9 ऑक्टोबर

पाऊस. झोप. रात्री ती मिश्रणवाली लाल बाटली उघडली. वास काहीच नाही, चव गोडसर, घशात किंचित जळजळ. नवऱ्याने अर्ध्या ग्लासात बर्फ टाकला आणि कोणी त्याला अडवलं नाही.

दादासमोर वाइन पिण्याची ही माझी पहिलीच वेळ, हेही लिहून ठेवते. आमच्या घरात अण्णा माळकरी. द्राक्षं लावायची, वाइनची जातही लावून झाली, पण वाइन उंबऱ्याच्या आत नाही. पहिला घोट घेताना माझी नजर आपोआप खाली गेली. दादा म्हणाला, "पन्नाशी आली तुझी. पी गुमान."

शुक्रवार, 10 ऑक्टोबर – बीम्सव्हिल, जॉर्डन

मिसिसागाहून हायवे सरोवराला वळसा घालत जातो. हॅमिल्टन मागे पडलं की डाव्या हाताला ऑन्टारिओ सरोवर आणि उजव्या हाताला झाडीने भरलेला लांबच लांब कडा. हाच कडा पुढे नायगारा नदीला आडवा येतो आणि तिथे धबधबा होतो. कड्यालगत सरोवराच्या बाजूला जो उतार आहे त्याला इथे बेंच म्हणतात आणि चांगल्या बागा बऱ्याचशा त्यावरच. कारण सोपं आहे. सरोवर इतकं खोल आहे की ते हिवाळ्यात क्वचितच गोठतं. हिवाळ्यात त्यावरून येणारा वारा त्यातल्या त्यात ऊबदार, वसंतात थंड. ती हवा कड्याला आपटून परत फिरते आणि बागेवर एकाच जागी गारठा साठून राहत नाही. अक्षांश बघाल तर 43, फ्रान्सच्या दक्षिण टोकाएवढा. पण फ्रान्सच्या दक्षिण टोकाला उणे वीस होत नाही.

पहिली वाइनरी लहान, घरची. नाव लिहीत नाही, कारण मालकीणबाईंशी बोलणं झालं ते घरगुती होतं. साठीच्या, पायात चिखलाचे बूट, केसांत पेन्सिल खोचलेली. चार नमुन्यांचे पंधरा डॉलर, बाटली घेतली तर ते माफ. मी काउंटरवर न थांबता बागेकडे गेले. सवय जात नाही.

आपल्या मांडवासारखं किंवा वाय आकारासारखं इथे काही नाही. तारांवर सरळ उभी चढवलेली वेल, जेमतेम खांद्याएवढी, पानांची पातळ भिंत. घड हाताएवढेसुद्धा नाहीत, मणी वाटाण्याएवढे, एकमेकांना घट्ट चिकटलेले. विरळणी नाही, डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, तेही नाही. आपला बागायतदार हा माल बघून म्हणेल, पोरांना खायला ठेवा, मार्केटला नको. वरून पक्ष्यांसाठी जाळी आणि लांब कुठेतरी दर काही मिनिटांनी बार उडत होता. गोफणीच्या जागी गॅसची तोफ. ओळींमधून स्पॅनिश गाणी येत होती. तोडणीला मेक्सिकोची माणसं होती, हंगामापुरती परवान्यावर येणारी. जमैकाचे मजूर तर 1966 पासून येतात. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या येतात तसं. त्यांच्यातल्या एकाने क्रेट उचलण्याआधी ज्या पद्धतीने कमरेला हात लावला, ते बघून मला आमच्या बांधावरचाच कोणीतरी आठवला.

एक पान मी उलटं केलं. भुरी. पांढरट पावडर, कडेला हलकी वळलेली. मी ते मालकीणबाईंना दाखवलं. त्यांनी आधी पानाकडे बघितलं, मग माझ्या बांगड्यांकडे. मग म्हणाल्या की ऑगस्टमध्ये गंधकाची एक फवारणी चुकली. तिथून पुढे आम्हाला चार नाही, नऊ वाइन चाखायला मिळाल्या आणि पंधरा डॉलरचं नाव कोणी काढलं नाही.

बागेत मधूनमधून उंच खांबांवर विमानासारखे पंखे होते. मला वाटलं विजेसाठी. तर नाही. थंडीच्या रात्री गार हवा जमिनीलगत बसते आणि वर ऊबदार थर असतो. उणे वीसच्या खाली पारा जायला लागला की हे पंखे लावतात, वरची हवा खाली ओढायला. एवढ्याशा फरकावर वेलीचा पुढच्या वर्षीचा डोळा, म्हणजे अंकुर, वाचतो किंवा मरतो. मी त्यांना निफाड सांगितलं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर थंडीत पेपरात येतो, पारा चार-पाचवर आला की आमच्याकडे रात्री बागेत शेकोट्या पेटतात, कारण मणी तडकतात. चार-पाच उणे? त्यांनी विचारलं. नाही, अधिक. त्या इतक्या हसल्या की केसांतली पेन्सिल पडली.

आता वाइन. पहिली रीझलिंग, पांढरी. वास घेतला आणि वहिनी माझ्याकडे बघायला लागली. "स्टो पेटवल्यावर येतो तसा वास येतोय का गं?" येत होता. रॉकेलचा, अगदी हलका. रीझलिंग बाटलीत मुरली की हा वास येतो आणि जाणकार त्यासाठी जादा पैसे मोजतात, असं कळलं. मागून लिंबाची साल, आणि जिभेच्या कडांना धरणारा कैरीचा आंबटपणा. आपल्याकडे ऊन इतकं की द्राक्षात साखर भराभर चढते आणि आंबटपणा पळून जातो. इथे थंड रात्रींमुळे तो जागच्या जागी राहतो. नाशिकची चांगली वाइन मी प्यायले आहे, पण हा आंबटपणा तिच्यात कधी सापडला नव्हता. बाटलीची किंमत 19 डॉलर. "ही तुमच्या सरकारी दुकानात मिळते का?" मी विचारलं. नाही. मंडळाला माल द्यायचा तर एकसारख्या शेकडो पेट्या हव्यात, या रीझलिंगच्या होतात दीडशे. विकली जाते ती इथेच, या काउंटरवर, किंवा ऑन्टारिओतल्या लोकांना घरपोच.

दुसऱ्या ठिकाणी कॅबर्ने फ्रां, लाल. इथली माणसं हिच्यावर जीव टाकतात, कारण कॅबर्ने सोव्हिन्यों पिकायला ऊन पुरत नाही आणि ही लवकर पिकते. मला वाइनमध्ये ढोबळी मिरची लागली. खरोखर, बी काढताना हाताला लागतो तो वास. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, थंड वर्ष होतं. मग त्याने आदल्या वर्षीची ओतली. तिच्यात तीच मिरची भाजून आली होती, बरोबर जांभूळ. दोन्हींची किंमत मात्र एकच. कॅनडाच्या लाल वाइनबद्दल ठाम मत देणाऱ्या कोणालाही मी आता आधी विचारते, साल कोणतं?

शनिवार, 11 ऑक्टोबर – नायगारा-ऑन-द-लेक

हे गाव सुंदर आहे, फुलांच्या कुंड्यांनी भरलेलं, आणि पार्किंगसाठी माणसं एकमेकांचा जीव घेतील इतकं गजबजलेलं. पुढे जाते.

गावाबाहेर नायगारा नदीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर इनिस्किलिन आहे. डोनाल्ड झिराल्डो आणि कार्ल कायझर या दोघांनी 1975 मध्ये तिचा परवाना मिळवला. त्याआधी 1929 पासून ऑन्टारिओत एकही नवीन वाइनरी निघाली नव्हती. सेहेचाळीस वर्षं! दारूबंदीतसुद्धा इथल्या द्राक्षांच्या वाइनला सूट होती, तेव्हा परवान्यांचं पीक आलं होतं. बंदी उठल्यावर सरकारने दारंच लावून घेतली. मधल्या काळात जे बनत होतं ते कॉन्कर्ड आणि नायगारा या देशी वाणांचं. रस्त्यावरच्या फळांच्या टपरीत कॉन्कर्डची टोपली होती, मी एक मणी तोंडात टाकला. साल निसटली, आत जेलीसारखा गर, आणि वास थेट जांभळ्या गोळीचा. आपली बंगलोर ब्लू हिच्याच गोतातली. गोव्याची गोड पोर्ट प्यायला असाल तर तो वास तुम्हाला माहीत आहे. सत्तरच्या दशकात कॅनडात बेबी डक नावाची गोड, फसफसणारी वाइन प्रचंड खपायची, तीही याच घराण्यातली. दादाच्या मित्रांचं खोकल्याचं औषध म्हणजे मुळात ती आठवण. त्यांनी स्वतः ती प्यायलेली नाही, कारण ते आले 2000 नंतर, पण मत वारशाने मिळालं.

1988 मध्ये अमेरिकेशी मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाचा माल आता बिनकराचा येणार, तर या गोळीच्या वासाच्या वाइनला कोण विचारणार? सरकारने शेतकऱ्यांना वेली उपटायचे पैसे दिले. जुन्या वेली गेल्या, त्यांच्या जागी रीझलिंग, शार्डोने, कॅबर्ने आली. आज जे बरं पितोय ते सगळं त्या उपटण्यातून आलंय.

इथे मला थोडं घरचं सांगू द्या. 2006 च्या सुमारास नाशकात वाइनच्या द्राक्षांची लाट होती. एका कंपनीने करार केला, अण्णांनी दोन एकर शिराज लावली. पहिली दोन वर्षं माल गेला. मग मंदी आली, कंपनीने फोन उचलणं बंद केलं आणि 2010 मध्ये मणी वेलीवरच सुकले. खायला ती द्राक्षं चालत नाहीत, सगळ्या बियाच बिया. बेदाण्यालाही नाहीत. अण्णांनी जेसीबी बोलावला. मी त्या दिवशी माहेरीच होते. पाच वर्षांचं खोड निघताना मुळ्या तुटल्याचा आवाज येतो, दोरखंड तुटल्यासारखा. आम्हाला उपटायचे पैसे कोणी दिले नाहीत, उलट जेसीबीचे तासाप्रमाणे गेले. त्यामुळे इथल्या भिंतीवर तो उपटण्याचा किस्सा विजयाची गोष्ट म्हणून वाचताना मी जरा बाजूला जाऊन उभी राहिले.

आइसवाइन. हिच्यावर इथली प्रसिद्धी उभी आहे. द्राक्षं डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेलीवरच ठेवायची, जाळ्यात. पारा उणे आठच्या खाली गेला की रात्री दिवे लावून तोडायची आणि गोठलेलीच दाबायची. पाण्याचा बर्फ आतच राहतो, बाहेर येतो तो साखर आणि आंबटपणाचा अर्क. रस नेहमीच्या एक पंचमांशही निघत नाही. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, सरासरी 35 असलेच पाहिजेत, आणि द्राक्षं तोडून फ्रीजरमध्ये गोठवली तर तिला आइसवाइन म्हणता येत नाही. कॅनडात हा उद्योग पहिल्यांदा केला ब्रिटिश कोलंबियात वॉल्टर हायनले यांनी, सत्तरच्या दशकात. पण जगाला कळलं ते 1991 मध्ये, इनिस्किलिनच्या विदाल द्राक्षांच्या 1989 च्या आइसवाइनने बोर्दोच्या व्हिनएक्स्पो या वाइन प्रदर्शनात सर्वोच्च मान पटकावला तेव्हा.

औंसभर मिळाली. रंग तुपासारखा. चव म्हणजे जर्दाळू, हापूसच्या कोयीजवळचा गर, मध. आणि ती चिकट होणार असं वाटतं त्याच क्षणी आंबटपणा येऊन तोंड धुऊन टाकतो. काकवी म्हणणाऱ्याने बहुधा ती कोमट प्यायली असावी, किंवा श्रीखंडाबरोबर. वहिनीने पर्समधून खारे शेंगदाणे काढले. उत्तम! अर्धी बाटली, 375 मिली, पन्नास डॉलरच्या आसपास. एक घेतली.

तरी माझं मत विचाराल तर या प्रसिद्धीने कॅनडाच्या वाइनचं थोडं नुकसानच केलंय. जगाला वाटतं हा देश फक्त गोड वाइन करतो. महाराष्ट्राबाहेर आपल्याला वडापाव सोडून काही येत नाही असं वाटतं, तसं.

रविवार, 12 ऑक्टोबर – प्रिन्स एडवर्ड काउंटी

टोरांटोच्या पूर्वेला दोनशे किलोमीटर. उद्या थँक्सगिव्हिंगची सुट्टी, त्यामुळे अर्धं टोरांटो आमच्याबरोबर निघालेलं. अडीच तासांचे चार झाले. दोन ठिकाणी आरक्षणाशिवाय आत घेतलं नाही, तिसऱ्या ठिकाणी बाहेर उभं राहून प्लॅस्टिकच्या ग्लासात गुलाबी वाइन मिळाली. नवरा म्हणाला, "धबधबाच बरा होता."

चौथ्या ठिकाणी नशीब उघडलं. इथे जमीन म्हणजे हातभर माती आणि खाली चुनखडीचा खडक. आपल्या मुरमाड रानासारखं, वेल मुळं खाली पाठवायला झगडते. थंडी नायगारापेक्षा जास्त, सरोवराची ऊब कमी. म्हणून इथे पिकाच्या काड्या जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधतात आणि नोव्हेंबरमध्ये त्या मातीखाली गाडतात. वसंतात परत उकरून काढायच्या. दरवर्षी! एकरी किती मजूर लागत असतील याचा हिशेब दादा आणि मी परतीच्या वाटेवर करत होतो आणि तो काही केल्या जुळत नव्हता.

तो हिशेब किमतीत दिसतो. पिनो न्वार 45 डॉलर. पातळ, आंबट, छान वासाची आणि घोट संपायच्या आत संपणारी. त्या पैशात फ्रान्सची चांगली मिळते, हे मान्य करायला हवं. पण शार्डोने! खडूच्या धुळीसारखा वास, पहिल्या पावसातल्या पाटीवरचा. तोंडात घेतल्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही आणि चार तास गाडीत बसल्याचा राग गेला. ती 38 डॉलरची होती, वर्षाला दोनशे पेट्या, आणि मंडळाच्या दुकानात नाही. मी विचारणंच सोडून दिलं.

सोमवार, 13 ऑक्टोबर – मिसिसागा

थँक्सगिव्हिंगला दादाकडे दहा जण जेवायला. टर्कीला कोणाचीच हौस नाही, त्यामुळे वहिनीने कोंबडीचा रस्सा, भरली वांगी आणि कोथिंबीर वड्या केल्या. मी बाटल्यांना भाच्याचे पायमोजे घातले. सहा मोजे, सहा आकडे, कोणालाच माहीत नाही आत काय आहे.

एक बाटली खास होती. भाचा ब्रिटिश कोलंबियातल्या केलोव्हनात शिकतो. तो येताना बॅगेत तिथल्या ओकानागन खोऱ्याच्या दक्षिण टोकाची, ओसोयूसच्या बाजूची सीरा (आपली शिराजच) घेऊन आला. तो भाग जवळजवळ वाळवंट, उन्हाळ्यात भट्टी. त्याचं म्हणणं, तिकडे फळबागा आणि द्राक्षबागांत पंजाबी शेतकरी कितीतरी, ऑलिव्हरला एका वाइनरीचं नावच किस्मत. आणि 2024 च्या जानेवारीत तिथे अशी थंडी पडली की डोळेच मेले, त्या वर्षी पीक जवळपास आलंच नाही. सरकारने तेवढ्या वर्षापुरती बाहेरची द्राक्षं आणायला परवानगी दिली. "आत्या, 2024 ची बाटली घेताना मागचं नीट वाच," हे त्याने दोनदा सांगितलं. ही 2022 ची होती.

आणि मग दादाने बुधवारची गंमत सांगितली. 1928 च्या एका केंद्रीय कायद्याने एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात दारू नेणं मंडळाच्या मार्फतच होतं. केंद्राचं ते बंधन 2019 मध्ये गेलं, पण प्रांतांचे आपापले नियम राहिले. वैयक्तिक वापरासाठी वाइन सोबत नेण्याची मुभा मिळाली ती 2012 मध्ये. त्याच वर्षी न्यू ब्रन्सविकचे जेरार कोमो हे गृहस्थ क्वेबेकमधून स्वस्त बिअर गाडीत भरून आणताना पकडले गेले, 292 डॉलर 50 सेंट दंड झाला. ते भांडले, खालच्या न्यायालयात जिंकले, पण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. म्हणजे नाशिकची वाइन बेळगावला न्यायची तर मधे जकात नाका, अशी ही तऱ्हा. तीन बाटल्यांचं कोडं सुटलं. ओकानागनच्या शेतकऱ्याला टोरांटोत माल विकण्यापेक्षा परदेशात विकणं सोपं वाटलं तर नवल नाही.

निकाल. पहिली आली 19 डॉलरची रीझलिंग, कोथिंबीर वडीबरोबर. तेलकट आणि तिखटावर तो आंबटपणा असा बसला की वड्यांचं दुसरं ताट काढावं लागलं. दुसरी सीरा, रश्श्याबरोबर. मिरपूड आणि धूर. तिसरी आली ती मंडळींना फ्रेंच वाटत होती, मोजा काढल्यावर निघाली चिलीची, 12 डॉलरची. खोकल्याच्या औषधवाल्यांनी मिरचीच्या वासाची कॅबर्ने फ्रां हातात घेऊन पाच मिनिटं तिची स्तुती केली आणि नाव कळल्यावर म्हणाले, "ही अपवाद असेल." शेवटी राहिली 45 डॉलरची पिनो न्वार. भरल्या वांग्याने तिचा जीवच घेतला. मी तरी तिला चांगलं म्हणत राहिले, पैसे मी दिले होते ना.

बुधवार, 15 ऑक्टोबर – पिअर्सन विमानतळ

ड्यूटी फ्रीमध्ये कॅनडाची वाइन शोधली. आइसवाइन, आइसवाइन, मॅपल सिरप, आइसवाइन. रीझलिंग एकही नाही. भारतात माणशी दोन लिटर नेता येतं, त्या हिशेबाने आम्ही दोघांनी बॅगेत मोज्यांसकट बाटल्या भरल्या होत्या, त्यामुळे मी निवांत होते.

निफाड, भाऊबीज

ओटीवर अण्णा संध्याकाळी बसले होते. निम्म्या बागेची छाटणी उरकली होती, डोळे फुटण्यासाठीची पेस्ट लावायची बाकी होती. मी आइसवाइनची बाटली दाखवली आणि सगळी हकीकत सांगितली. उणे आठ, रात्रीची तोडणी, गोठलेले मणी. बाटली त्यांनी घरात येऊ दिली, हेच फार झालं. बूच उघडून मी पुढे केली तर माळ एका हाताने मागे सारून त्यांनी वास घेतला, डोळे मिटून, दोनदा.

"बेदाणा," ते म्हणाले. "ताजा, पहिल्या तुकड्याचा. ब्रिक्स किती?"

"पस्तीस."

"आणि एकरी रस?"

मी सांगितलं. ते बोटांवर मोजत राहिले, मधेच थांबून डावीकडे, न छाटलेल्या ओळींकडे बघितलं. मग बूच स्वतःच दाबून बसवलं.

"आणि एखाद्या साली थंडी पडलीच नाही, तर ते काय करतात गं?"

मी दादाला फोन लावून दिला. बोलणं तासभर चाललं, मी आत जेवायला गेले.